शेकडो सोर्स फायलींची नावं एकदम बदलायची असतील तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सी प्लस प्लसचा जुना प्रकल्प, दीड-दोन हजार सोर्स फायली, सोबत थोड्या पायथॉन स्क्रिप्ट्स. निम्म्या फायलींची नावं कॅमल केसमध्ये (शब्द जोडून, प्रत्येकाचं पहिलं अक्षर मोठं), निम्म्यांची स्नेक केसमध्ये (सगळी लहान अक्षरं, शब्दांमध्ये अंडरस्कोर). पंचवीस-तीस जण रोज त्यावर काम करतात आणि प्रत्येकाची निदान एक ब्रँच, म्हणजे कोडची कामाची वेगळी शाखा, उघडी आहे. सगळी नावं स्नेक केसमध्ये आणायची आहेत. मॅनेजर म्हणतात, शनिवारी रात्री एका दमात उरकून टाका. तुम्हाला दोन भीती आहेत: गिटमधला, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीतला, इतिहास जाईल, आणि सोमवारी सगळ्यांचे मर्ज (दोन ब्रँचेस जोडणं) अडकतील.

पहिली भीती बरीचशी अनाठायी आहे. दुसरी रास्त आहे. आणि जो उपाय सर्रास सांगितला जातो, ‘आधी नुसती नावं बदलणारा कमिट करा, मग मजकूर बदलणारा’, तो पहिल्या भीतीवरचा आहे, दुसरीवरचा नाही. बहुतेक टीम फसतात त्या इथेच. म्हणून आधी गिट नेमकं काय करतं ते पाहू.

‘या फाईलचं नाव बदललं’ अशी नोंद गिट कुठेही ठेवत नाही. २००५ साली लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं तेव्हापासून ही भूमिका ठरलेली आहे: कमिट म्हणजे त्या क्षणीची सगळ्या फायलींची स्थिती, बस्स. ‘गिट एमव्ही’ ही आज्ञासुद्धा फाईल हलवते, जुनं नाव इंडेक्समधून (पुढच्या कमिटच्या यादीतून) काढते आणि नवं घालते, यापलीकडे काही करत नाही. गिटसारख्या दुसऱ्या प्रणालींत तसं नाही: मर्क्युरिअलमध्ये नावबदलाची नोंद होते, सबव्हर्जनमध्ये ती ‘इतिहासासह नक्कल आणि मूळ काढून टाकणे’ अशी होते. त्या सवयीतून आलेल्यांना गिटचं हे वागणं बेफिकीर वाटतं. पण गिट नंतर, म्हणजे तुम्ही डिफ (दोन स्थितींमधला फरक) किंवा लॉग (कमिटांची यादी) मागता तेव्हा, अंदाज बांधतं: एक फाईल गायब झाली, एक नवी आली, दोघींचा मजकूर सारखा आहे, म्हणजे हा नावबदल असावा.

हा अंदाज दोन पायऱ्यांत होतो. मजकूर अक्षरशः तोच असेल तर हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) जुळतो आणि काम तिथेच संपतं. फायली कितीही असोत, फरक पडत नाही. मजकूर थोडा बदलला असेल तर गिट फाईलचे ओळीओळींचे तुकडे करून जुन्यातलं किती नव्यात सापडतं ते मोजतं आणि त्याला दोघींतल्या मोठ्या फाईलच्या आकाराने भागतं. उत्तर ५० टक्क्यांच्या वर आलं तर नावबदल, नाही तर ‘एक फाईल काढली, एक नवी घातली’. दोन हजार ओळींच्या फाईलमध्ये पाच-दहा इन्क्लुड (दुसरी फाईल आत ओढणाऱ्या ओळी) बदलले तर गुण ९९ येतील. पण बारा ओळींचं हेडर (इतरांनी इन्क्लुड करायची फाईल) असेल आणि त्याच कमिटमध्ये वर पंधरा ओळींची लायसन्सची पाटी चिकटवली, तर नवी फाईल जुनीच्या दुपटीहून मोठी झाली. गुण पन्नासच्या खाली आणि नातं तुटलं. टॅबऐवजी स्पेस केल्या की टॅबने सुरू होणारी प्रत्येक ओळच वेगळी ठरते. त्यामुळे नावं बदलताना फॉरमॅटर चालवायचा मोह कुणाला झाला, तर हात धरा.

दुसऱ्या पायरीत गायब झालेली प्रत्येक फाईल आलेल्या प्रत्येक फाईलशी ताडून बघावी लागते, म्हणून तिला मर्यादा घातलेली आहे. आताच्या गिटमध्ये डिफ आणि लॉगसाठी ती १००० फायलींची आणि मर्जसाठी ७००० ची आहे. जुन्या आवृत्त्यांत अनुक्रमे ४०० आणि १००० होती. मर्यादा ओलांडली की गिट एक इशारा छापून शोध सोडून देतं, आणि तो इशारा बिल्डच्या लॉगमध्ये वाहून जातो. तुमच्या आकाराच्या प्रकल्पात ही मर्यादा आड येऊ शकते. बिल्ड मशीनवर आणि सगळ्यांच्या लॅपटॉपवर गिटची आवृत्ती बघून घ्या, ‘डिफ डॉट रीनेमलिमिट’ वाढवून ठेवा. काही आयडीईंच्या (कोड लिहायच्या प्रोग्राम्सच्या) पोटात गिटऐवजी जेगिट किंवा लिबगिट२ ही लायब्ररी असते, त्यांची नावबदल ओळखण्याची पद्धत त्यांची स्वतःची. तिथे इतिहास तुटलेला दिसला तर घाबरण्याआधी टर्मिनलवर बघा.

इतिहासाचं एवढं कळलं की पहिली भीती उरत नाही. ‘ब्लेम’, म्हणजे कोणती ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी आज्ञा, अख्ख्या फाईलच्या नावबदलामागे आपोआप जातं. ‘लॉग’ला ‘फॉलो’ हा पर्याय द्यावा लागतो आणि तो एका वेळी एकाच फाईलसाठी चालतो. अख्ख्या फोल्डरचा इतिहास नावबदलापलीकडे हवा असेल तर जुना आणि नवा दोन्ही पाथ सांगा. गैरसोय आहे, नुकसान नाही. सीव्हीएस या जुन्या प्रणालीच्या काळात लोक सर्व्हरवर जाऊन इतिहासाच्या फायली हाताने हलवायचे, त्यापुढे हे सुखच.

आता मर्ज.

मर्ज करताना गिट फक्त तीन स्थिती बघतं: दोन ब्रँच जिथे फुटल्या तो समान पूर्वज, आणि दोन्ही ब्रँचेसची टोकं. मधले कमिट ते उघडतसुद्धा नाही. पुण्याहून निघालेला माणूस दादरला उतरला एवढंच त्याला कळतं. वाटेत लोणावळ्याला कपडे बदलले की कर्जतला, ते कळत नाही. म्हणजे तुम्ही नावबदल एका कमिटमध्ये आणि फॉरमॅटिंग दुसऱ्यात असं कितीही शिस्तीने वेगळं केलंत, तरी सहकाऱ्याने सोमवारी मुख्य ब्रँचचं टोक आपल्या ब्रँचमध्ये ओढलं की गिटला दिसतं ते ‘जुनं नाव, जुना मजकूर’ विरुद्ध ‘नवं नाव, बदललेला मजकूर’. दोन्ही बदल मिळून साम्य पन्नासच्या खाली गेलं असेल तर तुमची दोन कमिटांची शिस्त इथे काही कामाची नाही. त्याने जुन्या फाईलमध्ये केलेला बदल ‘तिकडे फाईल काढली, इकडे बदलली’ या कॉन्फ्लिक्टमध्ये अडकतो. त्यातून पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य ब्रँचमध्ये घेण्याची विनंती) स्क्वॉश करून, म्हणजे तिचे सगळे कमिट एकात दाबून, मर्ज करायची तुमची पद्धत असेल, तर ते दोन कमिट तसेही एक होतात आणि इतिहासासाठीचा फायदाही जातो.

यावरून माझं मत असं आहे: सी प्लस प्लसमध्ये नावबदल आणि इन्क्लुडच्या ओळी एकाच कमिटमध्ये घ्या. नुसत्या नावबदलाचा कमिट बिल्ड होत नाही, उद्या बायसेक्ट करताना (चूक कोणत्या कमिटमध्ये शिरली ते शोधताना) तो पाय अडकवतो, आणि इन्क्लुडच्या चार ओळींनी साम्याचं फारसं बिघडत नाही. मग त्या कमिटचा डिफ नावं आणि स्थिती दाखवणाऱ्या पर्यायाने काढा. प्रत्येक फाईलसमोर ‘आर’ आणि गुण दिसतील, आर१००, आर०९७ असे. नव्वदच्या खालच्या ओळी वेगळ्या काढून डोळ्यांखालून घाला. ‘डी’ आणि ‘ए’ अशा सुट्या जोड्या दिसल्या तर तिथे नातं तुटलंय. बहुधा त्या दहा-वीस ओळींच्या फायली असतील. फक्त त्यांच्यासाठी दोन पायऱ्या करा, किंवा सरळ सोडून द्या. बारा ओळींच्या हेडरच्या इतिहासावर कुणाचं पोट चालत नाही. पायथॉनच्या रिकाम्या ‘इनिट’ फायलींच्या जोड्या विचित्र दिसतील, कारण रिकाम्या फायली सगळ्याच एकसारख्या. त्याकडे दुर्लक्ष करा. मॉड्यूलवार वेगळे कमिट केलेत तर प्रत्येक कमिट हजाराच्या मर्यादेत बसतो आणि लॉग नीट दिसतो, पण ते सगळे मुख्य ब्रँचवर एकाच वेळी उतरवा. दर आठवड्याला एक मॉड्यूल असं केलं की तोच त्रास प्रत्येकाला दहादा होतो.

या कामात खरी वस्तू कमिट नाही, स्क्रिप्ट आहे. दोन हजार फायलींचा डिफ कुणीही वाचत नाही. ‘ठीक दिसतंय’ असं लिहून मोकळे होतात. दीडशे ओळींची स्क्रिप्ट मात्र माणूस वाचू शकतो. लिनक्स कर्नलमध्ये ही पद्धत मुरलेली आहे. २०१२ मध्ये ३.७ आवृत्तीसाठी डेव्हिड हॉवेल्स यांनी यूझरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्राम्सना) दिसणारी हेडर्स वेगळ्या ‘यूएपीआय’ फोल्डरमध्ये हलवली, तेव्हा कमिटच्या शीर्षकातच ‘स्क्रिप्टेड’ असं लिहिलेलं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘अनअलाइन्ड’ हे हेडर ‘एएसएम’मधून ‘लिनक्स’ फोल्डरमध्ये गेलं. शेकडो फायलींना हात लागला, पण कमिटच्या संदेशात बदल करणारी छोटी शेल स्क्रिप्टच दिलेली आहे. ज्याला शंका असेल त्याने स्वतः चालवून ताडून बघावं. आणि त्याआधीचं मोठं उदाहरण म्हणजे ऑक्टोबर २००७ मध्ये, २.६.२४ आवृत्तीच्या वेळी, ‘आय३८६’ (३२ बिट) आणि ‘एक्स८६_६४’ (६४ बिट) ही दोन आर्किटेक्चरची झाडं एका ‘एक्स८६’ फोल्डरमध्ये आणली गेली. थॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोलनार यांनी फायली आधी नावामागे ३२ आणि ६४ लावून शेजारी शेजारी आणून ठेवल्या. मजकूर एकत्र करण्याचं किचकट काम त्यानंतर पुढच्या आवृत्त्यांमध्ये होत राहिलं. नावं आणि जागा बदलण्याच्या दिवशी कोड सुधारायला बसायचं नाही, हे त्यातून उचलण्यासारखं आहे.

तुमच्या कामाला सर्वांत जवळचं उदाहरण ब्लिंकचं, म्हणजे क्रोमच्या रेंडरिंग इंजिनाचं. वेबकिटकडून आलेली कॅमल केसमधली नावं आणि ‘सीपीपी’ एक्स्टेन्शन जाऊन २०१७-१८ च्या सुमारास सगळं क्रोमिअमच्या रीतीने स्नेक केस आणि ‘सीसी’ झालं. तिथे एक गंमत बघण्यासारखी आहे. ‘मोठं अक्षर आलं की अंडरस्कोर’ हा नियम एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्टसारख्या नावापुढे कोलमडतो, आणि ‘वेबजीएल’ हा त्यांना एकच शब्द हवा होता, ‘वेब’ अंडरस्कोर ‘जीएल’ नको होता. तुमच्याकडेही अशी पंधरा-वीस लघुरूपं निघतील. ती अपवादांच्या यादीत घाला आणि नियम लावून आलेली सगळी नवी नावं एका तक्त्यात छापा. त्यावर टीमची सही घ्या, कारण नंतर कुरकुर होते ती नावांवरून.

स्क्रिप्टबद्दल काही हट्ट धरा. फायलींची यादी ‘फाइंड’ने नको, गिटच्या ‘एलएस-फाइल्स’ने घ्या, नाहीतर कुणाच्या बिल्ड फोल्डरमधल्या फायलीही पकडल्या जातील. थर्ड पार्टी फोल्डर वगळा. इन्क्लुड बदलताना पूर्ण अवतरणातला पाथ जुळवा. ‘लिस्ट डॉट एच’ शोधताना ‘लिंक्डलिस्ट डॉट एच’ची शेपटी कापली गेली तर कंपायलर सांगेल तरी, पण शेल स्क्रिप्टमध्ये तसं झालं तर कुणी सांगणार नाही. शेलच्या ‘सेड’पेक्षा साध्या पायथॉनमध्ये लिहा, कारण जागच्या जागी बदल करण्याचा पर्याय मॅकवर वेगळा आणि लिनक्सवर वेगळा वागतो. दुसऱ्यांदा चालवली तर काहीही बदलू नये. एकाच झाडावर कुणीही, कुठेही चालवली तरी निकाल तोच यावा. आणि दोन जुनी नावं एकाच नव्या नावावर येत असतील तर स्क्रिप्टने तिथेच थांबून ओरडावं: ‘एचटीटीपी’ सगळी मोठी अक्षरं असलेलं एक सर्व्हर हेडर आणि ‘एच’ एकटंच मोठं असलेलं दुसरं, अशी जोडी जुन्या कोडमध्ये हमखास सापडते. हेडर गार्डचे (एकच हेडर दोनदा आत येऊ न देणारे) मॅक्रो नव्या नावावरून बनवणार असाल तर तीच तपासणी तिथेही हवी. दोन हेडर्सना एकच गार्ड मिळाला तर दुसऱ्याचा मजकूर गुपचूप गळतो आणि चूक भलत्याच ओळीवर दिसते.

स्क्रिप्टचा खरा उपयोग मात्र सहकाऱ्यांच्या उघड्या ब्रँचेससाठी आहे. गिटचा मर्ज नावबदल ओळखून जुन्या फाईलमधले त्यांचे बदल नव्या नावावर नेईल. २.३४ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून, ‘ऑर्ट’ ही एलायजा न्यूरेन यांनी लिहिलेली नवी मर्ज पद्धत मूळची म्हणून येते आणि ती या कामात आधीच्या पद्धतीहून खूपच वेगवान आहे. पण त्यांनी नव्याने घातलेल्या फायलींची नावं कोण बदलणार? त्यांनी नव्याने लिहिलेल्या ओळींतले जुने इन्क्लुड कोण दुरुस्त करणार? मर्ज बिनबोभाट होईल आणि बिल्ड मोडेल. म्हणून त्यांना मर्जवर सोडू नका, ही रीत द्या.

मुख्य ब्रँचवर नावबदलाच्या लगेच आधी एक टॅग (कमिटवरची नावाची खूण) लावा, लगेच नंतर एक. समजा ‘आधी’ आणि ‘नंतर’. प्रत्येकाने आपल्या ब्रँचमध्ये प्रथम ‘आधी’ मर्ज करायचा. इथे जे कॉन्फ्लिक्ट येतील ते रोजचेच, नावांशी संबंध नसलेले. मग स्वतःच्या ब्रँचवर स्क्रिप्ट चालवून कमिट करायचा. आता त्याच्या झाडात ‘नंतर’मधलं सगळं आहे, शिवाय त्याचे बदल. मग ‘नंतर’ हा टॅग ‘अवर्स’ स्ट्रॅटेजीने मर्ज करायचा, म्हणजे गिटला सांगायचं की हे आमच्याकडे आलेलंच आहे, मजकुराला हात न लावता नातं तेवढं जोड. इथे छोट्या ‘एस’ने दिलेली स्ट्रॅटेजी हवी. मोठ्या ‘एक्स’ने दिला जाणारा त्याच नावाचा पर्याय वेगळा आहे, तो फक्त कॉन्फ्लिक्ट आलेल्या जागी आपली बाजू घेतो. यानंतर मुख्य ब्रँचचं टोक नेहमीसारखं ओढायचं. तुमच्याकडे मर्जऐवजी रिबेसची (आपले कमिट नव्या टोकावर पुन्हा रचण्याची) रीत असेल तर आणखी सोपं: ‘आधी’वर रिबेस करा, स्क्रिप्ट चालवून कमिट करा, मग ‘नंतर’वर सॉफ्ट रिसेट मारून (फायली तशाच ठेवून ब्रँचचं टोक तिथे हलवून) नवा कमिट करा. सगळे बदल एका कमिटमध्ये येतील. वेगवेगळे कमिट राखायचे असतील तर थोडी जास्त मेहनत आहे, पण बहुतेकांना त्याची गरज नसते.

या रीतीला एक अट आहे आणि ती मोडली तर फटका मोठा बसतो. ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन टॅगच्या मध्ये स्क्रिप्टने केलेल्या बदलांखेरीज एकही ओळ असता कामा नये. समजा त्याच पुल रिक्वेस्टमध्ये कुणी हाताने बिल्ड सर्व्हरच्या सेटिंगची एक ओळ सुधारली. ‘अवर्स’ने मर्ज करणाऱ्या प्रत्येक ब्रँचमध्ये ती ओळ जुनीच राहील, आणि गिटच्या दृष्टीने तो त्या ब्रँचचा जाणीवपूर्वक निर्णय असेल. पहिली ब्रँच मुख्य ब्रँचमध्ये परतली की तुमची सुधारणा निमूटपणे उलटेल. हाताचे बदल ‘आधी’च्या अलीकडे करा किंवा ‘नंतर’च्या पलीकडे. तपासायला सोपं आहे: ‘आधी’वर स्क्रिप्ट चालवून आलेलं झाड आणि ‘नंतर’ यांच्यातला डिफ रिकामा आला पाहिजे. हेच बिल्ड सर्व्हरकडून तपासून घ्या, तोच तुमचा रिव्ह्यू.

जुन्या नावाची हेडर्स बाहेरचे ग्राहक वापरत असतील तर ‘जुनं हेडर ठेवा, त्यात फक्त नव्याचं इन्क्लुड’ असा मधला पूल ठेवावासा वाटेल. ठेवा, पण घाईने नको. जुन्या पाथवर फाईल शिल्लक असेल तर गिटच्या लेखी ती गायब झालेलीच नाही, मग नावबदल ओळखण्याचा प्रश्नच येत नाही. ज्याने वरची रीत न वापरता थेट टोक ओढलं, त्याचे बदल त्या दोन ओळींच्या पुलावर येऊन आदळतात. सगळ्या ब्रँचेस ‘नंतर’ ओलांडून गेल्या की, रिलीजच्या आधी, पूल घाला. आणि ज्या नावांत फरक फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा आहे त्यांना पूल घालताच येत नाही, कारण विंडोज आणि मॅकवर नेहमीच्या सेटिंगमध्ये ती दोन नावं एका फोल्डरमध्ये राहूच शकत नाहीत.

हा अक्षरांचा भाग तुमच्याकडे दिसतो त्याहून मोठा आहे. एका शब्दाची सगळी नावं, लॉगर, पार्सर, कॅशे, यांच्यात कॅमलकडून स्नेककडे जाताना फक्त पहिलं अक्षर लहान होतं. मॅकवर कुणी जुनंच इन्क्लुड लिहिलं तरी बिल्ड होतं आणि लिनक्सवर मोडतं, म्हणून तपासणीचा बिल्ड लिनक्सवर हवाच. फोल्डरचं नुसतं अक्षर बदलायचं तर मॅकवर ‘गिट एमव्ही’ नकार देते. तात्पुरत्या तिसऱ्या नावावरून जावं लागतं. सगळ्यांत बरं म्हणजे मूळ नावबदल लिनक्स मशीनवरच करा. शेवटी सगळे पाथ लहान अक्षरांत करून त्यात कुणी दोनदा येतं का ते बघा. असं आलं तर एका मशीनवर दोन फायली आणि दुसऱ्यावर एकच, असा प्रकार होतो. लिनक्स कर्नलच्या नेटफिल्टरमध्ये अशा जोड्या मुद्दाम आहेत, ‘टीसीपीएमएसएस’ मोठ्या अक्षरांत एक आणि लहान अक्षरांत एक, म्हणून कर्नल मॅकवर क्लोन केला की गिट पाथ आदळल्याचा इशारा देतं. विंडोजवर कोण काम करत असेल तर ‘ऑक्स’, ‘कॉन’, ‘नल’ ही नावं चालत नाहीत आणि लांब नावांनी २६० अक्षरांची जुनी मर्यादा ओलांडली जाऊ शकते, हेही ध्यानात असू द्या.

जाता जाता: टेस्टच्या नमुना फायलींची नावं मराठीत असतील तर ‘ऱ’ असलेली तपासा. हे अक्षर युनिकोडमध्ये एक संकेत म्हणूनही लिहिता येतं आणि ‘र’ अधिक नुक्ता असंही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाईल सिस्टीम ते सुटं करून साठवायची, त्यामुळे ‘वाऱ्याची नोंद’ नावाची एकच फाईल गिटला दोन वाटू शकते.

फाईलचं नाव सोर्सच्या बाहेरही कुठे कुठे बसलेलं असतं. सीमेकच्या याद्या, डॉकरफाईल, डॉक्सिजनची सेटिंग, ही सगळी मोडली की ओरडतात, त्यांची काळजी नको. जी मोडूनही गप्प बसतात त्यांची करा. अमुक पाथ बदलला तरच अमुक टेस्ट चालवा, असा नियम बिल्ड सर्व्हरवर असेल आणि तो पाथच उरला नसेल, तर टेस्ट चालत नाही आणि सगळं हिरवं दिसतं. कोडओनर्सच्या फाईलमधली (कोणत्या पाथचा रिव्ह्यू कुणी करायचा ते सांगणारी) ओळ कशालाच जुळेनाशी झाली तर सुरक्षेच्या टीमचा रिव्ह्यू न लागताच बदल आत जातात. म्हणून आधी आणि नंतर चाललेल्या टेस्टची संख्या ताडून बघा, आणि कोडओनर्समधली प्रत्येक ओळ निदान एका फाईलला तरी जुळते का ते तपासा. हे नियम जुन्या-नव्या दोन्ही नावांना जुळतील असे आधीच सैल करून ठेवले, तर ‘आधी’च्या अलीकडेच ते काम संपतं.

पायथॉनच्या फायली मी या फेरीतून वगळल्या असत्या. तिथे फाईलचं नाव हेच मॉड्यूलचं नाव, आणि ते डेटामध्ये उतरतं. पिकल केलेल्या (पायथॉनने फाईलमध्ये साठवलेल्या) वस्तूत मॉड्यूलचा पाथ असतो. नाव बदललं की जुनं पिकल उघडत नाही. सेलरी या कामांच्या रांगा चालवणाऱ्या लायब्ररीत कामाचं नाव वेगळं दिलं नसेल तर ते मॉड्यूलच्या पाथवरूनच बनतं, म्हणजे डिप्लॉयच्या वेळी रांगेत असलेली कामं नव्या वर्करला ओळखताच येत नाहीत. पायथॉन ३ आलं तेव्हा ‘कॉन्फिगपार्सर’, ‘क्यू’, ‘सॉकेटसर्व्हर’ यांचं फक्त अक्षर लहान झालं, तरी दोन्ही आवृत्त्यांवर चालणाऱ्या लायब्ररींना पुढे वर्षानुवर्षं ‘हे जमलं नाही तर ते इम्पोर्ट कर’ अशा ओळी बाळगाव्या लागल्या. आणि डेटाबेस मायग्रेशनच्या (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या) फायलींना, मग जँगो असो की फ्लायवे, अजिबात हात लावू नका. कोणती फाईल चालून गेली याची नोंद नावाने डेटाबेसमध्ये बसलेली असते.

जुन्या रिलीज ब्रँचेसवर नावबदल करू नका. तिकडे दुरुस्ती न्यायला चेरी-पिक (एखादाच कमिट दुसऱ्या ब्रँचवर नेणारी आज्ञा) नावबदल ओळखूनच काम करतो, उलट दिशेनेसुद्धा. पॅच फाईल बनवून ‘अप्लाय’ करण्याची रीत असेल तर ती मात्र थांबवा, तिला नावबदल कळत नाही. ग्राहकाकडून येणाऱ्या क्रॅश रिपोर्टमध्ये जुनीच नावं येत राहतील; तो नावांचा तक्ता सपोर्टच्या लोकांना देऊन ठेवा.

शनिवारच्या रात्रीबद्दल: नको. ती वेळ तुमच्या सोयीची आहे, त्रास ज्यांना होणार त्यांच्या सोयीची नाही. दिवाळीच्या आठवड्यात कमिट कमी येतात म्हणून तेव्हा उरकू, हेही नको. ब्रँचेस तेव्हा मिटलेल्या नसतात, मालक गावाला गेलेले असतात. रिलीज बाहेर पडल्यानंतरचा मंगळवार किंवा बुधवार, सकाळी अकरा, सगळे जागेवर. आदल्या आठवड्यात ज्यांचं होत आलंय त्यांच्या ब्रँचेस आत घ्या. मुख्य ब्रँच तासभर बंद ठेवा, स्क्रिप्ट ताज्या टोकावर चालवा. आठवडाभर जपून ठेवलेला कमिट रिबेस करत बसू नका. पुल रिक्वेस्टवर स्क्वॉश बंद आहे ना ते बघा. टॅग लावा, रीत सांगा, आणि पहिल्या दोन-तीन जणांच्या शेजारी बसून त्यांच्या ब्रँचेस स्वतः पलीकडे न्या, बाकीचे बघून करतील. जुन्या फोल्डरमध्ये बिल्डचा कचरा राहिला असेल तर ‘क्लीन’ चालवायला सांगा, पण आधी नुसतं काय काय उडेल ते दाखवणाऱ्या पर्यायाने, कारण कुणाची तरी न नोंदलेली सेटिंग फाईल तिथेच असते.

मुख्य ब्रँच उघडली की त्या कमिटांचे हॅश ब्लेमने दुर्लक्ष करायच्या यादीत टाका. ही सोय गिटमध्ये ऑगस्ट २०१९ च्या २.२३ पासून आहे. नाहीतर पुढची पाच वर्षं प्रत्येक इन्क्लुडच्या ओळीवर तुमचं नाव दिसेल आणि लोक तुम्हालाच विचारत येतील. स्क्रिप्ट रिपॉझिटरीतच, टूल्सच्या फोल्डरमध्ये, वापरायच्या रीतीसकट ठेवा आणि दोन्ही टॅग पुसू नका. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विसरलेली ब्रँच उकरून आणतोच, आणि त्यालाही तीच रीत लागते.